आदाम तिच्या शेजारीच होता

प्रश्न : जय ख्रिस्त, सिस्टर. मला सातवा महिना लागलाय, पहिलंच आहे. मी सांगलीत विश्रामबागला एका पतसंस्थेत काम करते, सासर मिरजेचं. मागच्या तपासणीला डॉक्टरबाई म्हणाल्या, कळा सुरू झाल्यावर पाठीत इंजेक्शन देऊन दुखणं कमी करता येतं, हवं असेल तर आधी सांगून ठेवा. मी घरी विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "क्लेशाने लेकरे प्रसवशील, असं वचन आहे. हव्वेनं खाल्लं ते आपण फेडायचं. मी चार वेळा फेडलंय." आमच्याकडे रोज संध्याकाळी घरची प्रार्थना असते. त्या दिवशी त्यांनी उत्पत्तीचा तिसरा अध्याय काढला आणि माझ्याकडूनच वाचून घेतला. सोळाव्या ओवीला माझा आवाज फुटेना. हे शेजारीच बसले होते, काही बोलले नाहीत. इंजेक्शन घेतलं तर मी देवाच्या विरुद्ध जाते का? आणि आम्ही बायकांनी हे किती पिढ्या फेडायचं?
— एक बहीण, मिरज

उत्तर : बाळ, आधी दवाखान्याचं सांगते, कारण त्याला तारीख आहे. चौतीस वर्षं मी लेबर रूममध्ये काढली. पाठीतलं इंजेक्शन तुला चालेल की नाही ते डॉक्टरबाई आणि भूलतज्ज्ञ ठरवतील. तू पुढच्या तपासणीला एवढं विचार : रक्ताचे रिपोर्ट, विशेषतः प्लेटलेट, त्यासाठी ठीक आहेत ना, आणि रात्री दोन वाजता कळा आल्या तर भूलतज्ज्ञ येतो का. पैसे वेगळे पडतात, तेही आत्ताच विचारून ठेव. घ्यायचं नसेल तर नको घेऊस. इंजेक्शनाशिवाय सुखरूप सुटलेल्या कितीतरी जणींचे हात मी धरलेत. पण ते 'नको' तुझ्या तोंडून यावं, हव्वेचं नाव घेऊन कुणी तुझ्यावर घालू नये.

आता तो अध्याय. तुझ्याकडून तो सगळ्यांसमोर वाचून घेतला ना, आता तूच एकदा एकटी बसून बोट ठेवून वाच. 'शाप' हा शब्द कुठे येतो ते शोध. चौदाव्या ओवीत सर्पाला आणि सतराव्या ओवीत भूमीला. बस. देव स्त्रीशी बोलतो ती सोळावी ओवी, तिच्यात तो शब्द नाही. आदामालाही थेट शाप नाही. 'हव्वेचा शाप' हे आपण लहानपणापासून इतकं ऐकलंय की ते तिथे छापलेलं आहे असंच वाटतं. मलाही वाटायचं. निवृत्त झाल्यावर पाळकसाहेबांकडचा हिब्रू शब्दकोश मागून आणला आणि जेवणाच्या टेबलावर तो उघडून बसले, तेव्हा एकेक कळत गेलं. 'पाप' हा शब्दसुद्धा त्या अध्यायात नाही. तो पहिल्यांदा येतो चौथ्या अध्यायात, काइनाच्या गोष्टीत.

त्याच शब्दकोशात सापडलेली आणखी एक गोष्ट तुझ्या प्रश्नाला अगदी लागू आहे. सोळाव्या ओवीत स्त्रीच्या वाट्याला आलेल्या दुःखासाठी मूळ शब्द आहे 'इत्साबोन'. पुढच्याच ओवीत पुरुष शेतात जे कष्ट करून खाणार, त्या कष्टांसाठीही हाच शब्द आहे. आपल्या मराठीत तिचं 'दुःख' झालं आणि त्याचे 'कष्ट' झाले, म्हणून दोन्ही एकच आहेत हे लक्षातच येत नाही. आता बघ, त्याला सांगितलंय की भूमी काटे-कुसळे उपजवील आणि तू निढळाच्या घामाने भाकर खाशील. आपल्या तासगाव-पलूसकडे द्राक्षबागेत तण वाढलं तर कुणी शास्त्र काढून बसतं का, की उपटू नका, हे देवानं लावलंय म्हणून? तणनाशक मारतात, ट्रॅक्टर घालतात, ठिबक टाकतात आणि हंगाम चांगला गेला की देवळात उपकारस्तुतीला द्राक्षांची पेटी आणून ठेवतात. त्याचे कष्ट हलके करण्यात देवाचा विरोध नाही, मग तुझे हलके करण्यात कसा असेल?

हे मी पहिल्यांदा म्हणतेय असं नाही. १८४७ साली एडिंबरोच्या डॉ. जेम्स यंग सिम्प्सन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. धर्माच्या नावानं त्याला हरकत घेतली जाईल हे ओळखून त्यांनी त्याच वर्षी उत्तरादाखल पुस्तिका छापली. काट्या-कुसळांचा मुद्दा त्यांनीही मांडला होता. वर त्यांनी दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवलं : आदामाची फासळी काढण्याआधी देवानं स्वतः त्याला गाढ झोप आणली. पुढे १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियानं राजपुत्र लिओपोल्डच्या वेळी क्लोरोफॉर्म घेतला आणि बरीच तोंडं बंद झाली. आणि आपल्या गावाचं बघ ना. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिरजेत मिशनचा दवाखाना उघडला. माणसाचं दुखणं कमी करणं हे देवाच्या विरुद्ध असतं, तर समुद्रापार येऊन त्यांनी हा खटाटोप कशाला केला असता? हे सासूबाईंना सांग, मिरजेच्या माणसाला ते समजतं.

एक गोष्ट मी आजवर मंडळीत साक्ष देतानाही बोललेले नाही. नोकरीचं दुसरं वर्ष असेल. मी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला एका छोट्या दवाखान्यात होते. तिथल्या मोठ्या सिस्टर ओरडणाऱ्या बाईला दरडावायच्या, "हव्वेनं केलंय, भोगा आता." मला ते शास्त्राचं बोलणं वाटायचं. एका रात्री वाडीवरची एक बाई टेबलावर होती. उसाच्या पाचटानं तिच्या दोन्ही दंडांवर बारीक बारीक चरे उठले होते, काही ओले, काही खपली धरलेले. तिनं माझं मनगट धरलं होतं. ती ओरडली तसं मी तिला तेच वाक्य ऐकवलं. कळ ओसरेपर्यंत ती थांबली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कोन ही हव्वा? माझं तिचं काय बी देनंघेनं न्हाई, बाई." आणि पुढची कळ आली. पहाटे तिला मुलगा झाला. मी तिचे पाय पुसले, चहा पाजला, पण क्षमा मागायचं धाडस झालं नाही. मनगटावर तिच्या नखांच्या खुणा चार दिवस होत्या. पुढे कुठल्याच बाईला मी ते वाक्य बोलले नाही.

आता ओवीचा उरलेला भाग. "तो तुझ्यावर स्वामित्व चालवील." हे वाचून कितीतरी नवऱ्यांनी बायकोचा पगार हातात घेतलाय आणि कितीतरी सासवांनी सुनेला गप्प केलंय. पण पहिला अध्याय आधी वाच. तिथे देव नर आणि नारी दोघांनाही आपल्या प्रतिरूपाचं करतो आणि सत्ता देतो ती समुद्रातल्या माशांवर, आकाशातल्या पाखरांवर, जमिनीवरच्या प्राण्यांवर. एकमेकांवर नाही. नवऱ्याचं स्वामित्व येतं ते सगळं बिघडल्यानंतर, बिघाडाचं लक्षण म्हणून. केसपेपरवर डॉक्टर 'रक्तदाब वाढलेला' असं लिहितात, तेव्हा तो वाढवा असा त्याचा अर्थ होत नाही. मी नर्स आहे, मला ती ओवी निदानासारखी दिसते. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९८८ सालच्या स्त्रियांविषयीच्या पत्रात याच ओवीबद्दल लिहिलं, की हे स्वामित्व म्हणजे मूळच्या समानतेला पापामुळे गेलेला तडा आहे.

आणि हव्वा 'साहाय्यक' म्हणून निर्माण झाली ना? तो मूळ हिब्रू शब्द 'एझेर'. स्तोत्र १२१ तुला पाठ असेल : मी डोंगरांकडे दृष्टी लावतो, मला साहाय्य कोठून येईल? तिथे परमेश्वराच्या साहाय्याला हाच शब्द आहे. जुन्या करारात तो बहुतेक वेळा देवासाठीच येतो. स्वयंपाकघरातली मदतनीस असा त्याचा अर्थ कुणी लावला कोण जाणे.

तू लिहिलंस, "हे शेजारीच बसले होते, काही बोलले नाहीत." त्या एका ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. सहावी ओवी हिब्रूत अशी आहे की तिनं फळ घेतलं, खाल्लं आणि 'तिच्याबरोबर असलेल्या' नवऱ्यालाही दिलं. तो तिच्याबरोबर होता! सर्प बोलतो तोही अनेकवचनात, 'तुम्ही', 'तुम्हांला'. खाऊ नको ही आज्ञा तर आदामानं स्वतःच्या कानांनी ऐकलेली, हव्वा घडवली जाण्याच्या आधी. तरी तो तिथे उभा राहून एक शब्द बोलत नाही. बोलतो तो नंतर, आणि काय, तर तू दिलेल्या बाईनं मला दिलं. सुमारे ४०० साली जेरोमनं बायबल लॅटिनमध्ये आणलं तेव्हा हा 'तिच्याबरोबर' शब्द गळला. पश्चिम युरोपानं हजार वर्षं तेच लॅटिन वाचलं. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ती एकटीच सर्पाशी बोलणारी, आणि तो कुठेतरी दूर, बिचारा, मागून फसवला गेलेला. त्याच्याही दोनशे वर्षं आधी कार्थेजच्या तेर्तुल्य नावाच्या ख्रिस्ती लेखकानं बायकांना सैतानाचं द्वार म्हटलं होतं. प्रत्येक बाई म्हणजे हव्वाच, असं त्यानं मंडळीतल्या बहिणींना लिहिलं. मुलींना आपण काय शिकवतो त्यात आजही त्याचा वास येतो, त्याचं नाव कुणाला माहीत नसलं तरी.

म्हणून तुझ्या नवऱ्याला माझा निरोप दे. ही ओवी त्यांना वाचायला लाव, या वेळी त्यांच्या तोंडून. आणि इंजेक्शनाचा विषय आईकडे आता त्यांनी काढू दे.

सासूबाईंवर मात्र रागावू नकोस. चार बाळंतपणं त्यांनी कुणाच्या आधाराशिवाय सोसली असतील. ते सोसणं निष्फळ नव्हतं, देवाचं देणं फेडत होतो, एवढा एकच अर्थ त्यांना कुणीतरी हातात दिला आणि त्यांनी तो घट्ट धरला. तू म्हणालीस की दुखणं टाळता येतं, तर त्यांना वाटणार, मग माझं काय? एखाद्या दुपारी त्यांना त्या चारही वेळांचं विचार. कुणी पाणी दिलं, कुणी कंबर चोळली. बहुधा हे त्यांना आजवर कुणीच विचारलं नसेल.

प्रश्न : मी वाईजवळच्या एका मंडळीत शब्बाथ शाळा घेतो. आपले विचार वाचतो, पण एक शंका आहे. पौलानं तीमथ्याला स्पष्ट लिहिलंय : प्रथम आदाम घडवला गेला, मग हव्वा, आणि आदाम भुलवला गेला नाही, स्त्री भुलवली गेली. म्हणजे स्त्रीनं पुरुषांना शिकवू नये हे पतनाच्या, म्हणजे फळ खाण्याच्या, आधीच्या, निर्मितीच्याच क्रमावर उभं आहे. ते आपण कसं नाकारता?
— एक शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : गुरुजी, तुम्ही म्हणता तो अर्थ पोकळ नाही. माझे वडील हाच अर्थ मानायचे आणि त्यांच्याइतका प्रार्थनेचा माणूस मी पाहिला नाही. क्रमाचा मुद्दा पत्रात आहे, तो पुसून टाकता येत नाही. पण ती ओवी एकटी उचलू नये.

त्याच पौलाचं रोमकरांस पत्र, पाचवा अध्याय घ्या. एका माणसाच्या द्वारे पाप जगात आलं, असं तो सांगतो, आणि तो माणूस आदाम. हव्वेचं नावही नाही. तीमथ्याला पत्र गेलं ते इफिसात. तिथे खोटे शिक्षक घराघरांत शिरून बायकांना भुलवत होते, हे तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात आहे. शहरात अर्तमी देवीचं केवढं प्रस्थ, आणि बाळंतपणात बायका तिचाच धावा करायच्या. त्या बायकांना शिकवण मिळालेली नव्हती. म्हणून त्या उताऱ्यातली आज्ञा नीट पाहा : स्त्रीनं शिकावं. आपण 'शिकवू नये' एवढंच पाठ केलं. 'अधिकार चालवू नये' मधल्या अधिकाराला जे ग्रीक क्रियापद आहे, ते अख्ख्या नव्या करारात त्या एकाच जागी येतं, आणि त्याचा नेमका अर्थ काय यावर विद्वानांचं आजही एकमत नाही. अशा एका शब्दावर निम्म्या मंडळीचं तोंड बांधणं मला भीतीदायक वाटतं. याच इफिसात प्रिस्किल्लेनं नवऱ्याबरोबर अपुल्लोसाला बसवून देवाचा मार्ग जास्त नीट समजावून दिला, प्रेषितांची कृत्ये, अध्याय अठरा. पौलानं तिला अडवल्याचं कुठे वाचलंत?

आणि गुरुजी, मनापासून विचारते. भुलून खाल्लेल्या बाईनं शिकवू नये असं धरलं, तर न भुलता, जाणूनबुजून खाल्लेल्या पुरुषाला शिकवायची मोकळीक कशी मिळते?

पंडिता रमाबाईंची आठवण करून देते. इंग्लंडात चेल्टनहॅमला असताना त्यांना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायची विचारणा झाली, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी ते मुकाट्यानं मान्य केलं नाही, पत्रांतून कडाडून वाद घातला. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्याच रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं पवित्र शास्त्र त्यांनी मूळ भाषांतून मराठीत आणलं. टाईप जुळवायला, छापायला मुक्तीतल्या मुली. ५ एप्रिल १९२२ ला त्या प्रभूकडे गेल्या, आणि ग्रंथ १९२४ साली पूर्ण छापून आला. तो उघडून वाचणारा पुरुष एका बाईकडूनच शिकतो आहे.

माझ्या म्हणण्यानं सगळे प्रश्न सुटतात असं नाही. वर पोपसाहेबांचं मत दिलं, तरी त्यांच्या चर्चमध्ये स्त्रियांना याजकपद नाही, त्याची कारणं ते वेगळी देतात. उलट दक्षिण भारत मंडळीत २०१३ साली नंद्यालला स्त्री बिशप झाल्या. वेदीपाशी कोण उभं राहील हा वाद चालू राहील. तुम्हाला माझी विनंती एवढीच आहे, की येत्या रविवारी वर्गातल्या लहान मुलींना तिसरा अध्याय शिकवाल तेव्हा 'तिच्याबरोबर' हा शब्द फळ्यावर लिहा.

प्रश्न : सिस्टर, माझं वय झालं, हे पत्र नात लिहून देतेय. माझी थोरली झाली ती डिसेंबरच्या सुरुवातीला. सव्वा महिना देवळात यायचं नाही म्हणून मला घरी ठेवलं, त्यात नाताळ गेला. घंटा ऐकू येत होती. हव्वेमुळे बाईचं बाळंतपण अशुद्ध, असं सांगितलं होतं. ते खरं होतं का?
— एक आजी, कवठेमहांकाळ

उत्तर : नाही, आक्का. दिवस मोजायचा नियम मोशेच्या शास्त्रात आहे, लेवीय, बारावा अध्याय : मुलगा झाला तर एकूण चाळीस दिवस, मुलगी झाली तर ऐंशी. त्यात हव्वेचं नाव कुठेच नाही. तो इस्राएलाच्या मंदिराचा नियम होता, आपल्या मंडळ्यांवर तो नाही. सव्वा महिना आपण घेतला आपल्याच आळीतून, सोयरातून, आणि वर कुणीतरी हव्वेचं नाव चिकटवलं. ओल्या बाळंतिणीला विश्रांती हवी, थंडीत बाळाला बाहेर काढू नये, तेवढं त्यातलं चांगलं. पण तुम्हाला विश्रांती म्हणून कुणी ठेवलं नव्हतं, हे तुमच्या पत्रावरून कळतं.

त्या सकाळी देवळात लूकचा दुसरा अध्याय वाचला गेला असेल. एका बाळंतिणीची गोष्ट, जिला उतरायला जागा मिळाली नाही, जिनं लेकराला गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. पुढे तिनं नियमाप्रमाणे दिवस पाळले आणि कोकरू परवडत नाही म्हणून पाखरांची जोडी अर्पण केली. तिची गोष्ट ऐकायला सगळी मंडळी जमली होती आणि तुम्ही तीन आठवड्यांची लेक मांडीवर घेऊन घरी घंटा ऐकत होता.

तुमची थोरली आता कुठे असते, ते नातीला लिहायला सांगा.